सरासरीचा हिशेब आणि रांगेतले गिऱ्हाईक

व्यापारात मापाला किती महत्त्व आहे, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी सांगावयास नको. मीटरपट्टी शासनाच्या शिक्क्याची हवी, कापड ताणून मोजता कामा नये आणि ताग्यावर जेवढे मीटर लिहिले आहेत तेवढे उलगडल्यावर भरलेच पाहिजेत, हे आमच्या वडिलांनी आम्हाला गल्ल्यावर बसविण्यापूर्वीच शिकविले होते. परंतु अलीकडे आपल्या दुकानात एक अशी वस्तू आली आहे की, तिच्यासाठी आपण हजारो रुपये मोजतो आणि तिचे माप मात्र विकणाऱ्याच्याच तोंडून ऐकतो. ती वस्तू म्हणजे बिले करण्याचे व साठा सांभाळण्याचे सॉफ्टवेअर.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि वहीवर बिल फाडण्याचे दिवस बहुतेकांच्या बाबतीत संपले. पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना व्यापारी-व्यापारी व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइसही सक्तीचे झाले. म्हणजे सॉफ्टवेअर आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. असे असता ते किती वेगाने चालते, कधी अडते आणि का अडते, याची विचारपूस आपण करीत नाही. करतो तेव्हा चुकीचा प्रश्न विचारतो. या चुकीची किंमत कधी कधी पैशांपेक्षा जास्त असते, हे आम्ही आमच्याच दुकानातील अनुभवावरून सांगणार आहोत.

भिवंडीतील आमच्या दुकानात तीन काउंटर आहेत आणि तिन्ही आत ठेवलेल्या एका मुख्य संगणकाला जोडलेले आहेत. आम्ही नवे सॉफ्टवेअर घेतले तेव्हा विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखविले. बिल टाकले की पापणी लवते न लवते तोच कागद बाहेर. आम्ही खूष झालो. चार महिने बरे गेले. मग ईदच्या आधीचा आठवडा आला. दुकानात पाय ठेवावयास जागा नाही, आणि मधल्या काउंटरवरची रांग वारंवार खोळंबलेली. गिऱ्हाइके कापड तसेच टाकून शेजारच्या दुकानात जाऊ लागली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "शेठ, मशीन थांबते." आम्ही पाहावयास गेलो की मशीन चालू! आम्ही विक्रेत्याला फोन केला. त्याने दूरूनच प्रोग्राममधील नोंद पाहिली आणि सांगितले की, एका बिलाला सरासरी दोन सेकंदही लागत नाहीत, तुमचा माणूसच हळू आहे. आम्ही त्या मुलाला चार गिऱ्हाइकांसमोर बोललो आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोदामात पाठविले.

ईद झाल्यावर आमचा भाचा घरी आला होता. तो संगणकाचे काम करतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मामू, सरासरी कोणाची? आणि घड्याळ कोणाच्या हातात होते?" या दोन प्रश्नांत सगळा विषय आला आहे.

प्रथम सरासरीचे पाहू. समजा एका काउंटरवर दिवसात २०० बिले झाली. १९० बिलांना एक-एक सेकंद लागला आणि १० बिलांना वीस-वीस. एकूण ३९० सेकंद, भागिले २००, म्हणजे सरासरी १.९५ सेकंद. विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या दहा वेळांना रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सरासरी दिसत नाही, त्याला थांबलेला पडदा दिसतो. आपल्याकडे कोणी ताग्याची लांबी सरासरीने विकत नाही. शंभर तागे सरासरी पुरे आहेत असे सांगून त्यांतील पाच तागे निम्मे निघाले, तर तो माल परत जातो. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही विचारावयाचे ते हे की, शंभरातील नव्व्याण्णव बिले किती वेळाच्या आत होतात, आणि सर्वांत वाईट बिलाला किती वेळ लागला.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गूगलचे जेफ्री डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये तो मांडला. एखादे काम शंभरात एकदाच अडत असेल, परंतु एका गिऱ्हाइकासाठी तसे शंभर काम करावे लागत असेल, तर त्या गिऱ्हाइकाला कोठे ना कोठे अडण्याचा संभव शंभरात ६३ एवढा होतो. त्यांचे बोलणे हजारो संगणकांविषयी होते, पण आपल्याला तेच लागू पडते. ज्या बिलात शंभर ओळी असतात ते घाऊक गिऱ्हाइकाचे बिल. म्हणजे क्वचित येणारा अडथळा किरकोळ माणसाला क्वचितच भोवतो आणि आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला बहुधा भोवतोच.

आता घड्याळाचे. विक्रेत्याचे घड्याळ प्रोग्रामच्या आत होते. बिल जतन करण्याचे काम सुरू झाले की ते चालू होई आणि संपले की बंद. परंतु प्रोग्राम वीस सेकंद थिजला असता त्या वेळात नवीन बिल टाकताच येत नाही, म्हणून त्या वेळात ताटकळलेल्यांची नोंदच होत नाही. आमच्याकडे तिन्ही काउंटर एकदमच थांबत. दिवसात दहा वेळा थांबले तर नोंदीत फार तर ३० बिले उशिराची दिसतील. काउंटरपाशी प्रत्येक वेळी बारा माणसे उभी असतील तर ताटकळले १२० जण. मोजणारा आणि ज्याचे मोजावयाचे तो, दोघेही एकदमच थांबतात आणि वाईट वेळ आपोआप हिशेबातून गळते. अझुल सिस्टिम्सचे जिल टेने यांनी या चुकीकडे जगभरच्या प्रोग्रामरांचे लक्ष वेधले. तेव्हा माप गिऱ्हाईक रांगेत आल्यापासून घ्यावयाचे, प्रोग्रामला सवड मिळाल्यापासून नव्हे.

पण प्रोग्राम थांबतो कशासाठी? हे समजल्याशिवाय माप घेऊनही उपयोग नाही, म्हणून थोडे आतले सांगणे भाग आहे. आमचे सॉफ्टवेअर जावा भाषेत लिहिलेले आहे. ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये बाहेर आणली. मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट २००२ मध्ये आले, त्याचीही रीत साधारण अशीच. या रीतीत प्रोग्राम थेट मशीनच्या भाषेत आपल्याकडे येत नाही. तो एका मधल्या भाषेत येतो आणि आपल्या संगणकावर बसलेला एक कारभारी तो चालवितो. हा कारभारी दोन मोठी कामे करतो, भाषांतराचे आणि झाडलोटीचे. दोन्ही कामांचा वेळ आपल्याच खात्यावर पडतो.

भाषांतर असे होते. जावाचा कारभारी सुरुवातीला दुभाष्याप्रमाणे एकेक सूचना वाचून तिचा अर्थ लावीत जातो, म्हणून काम मंद चालते. त्याच वेळी तो प्रोग्रामचा कोणता भाग किती वेळा चालला याची मोजदाद ठेवतो. जो भाग हजारो वेळा चालला त्याचे तो मशीनच्या भाषेत पक्के भाषांतर करून ठेवतो, आणि मग तो भाग कित्येक पट वेगाने पळतो. म्हणून सकाळची पहिली बिले मंद आणि दुपारची जलद. शिवाय पक्के भाषांतर करताना तो अंदाजही बांधतो. सकाळपासून सगळी बिले रोखीची आहेत, तर पुढेही रोखीचीच येतील. दुपारी पहिला परत-माल आला की अंदाज चुकतो, पक्के भाषांतर टाकून द्यावे लागते आणि तेवढा भाग पुन्हा मंद चालू लागतो.

यावरून प्रात्यक्षिकाची गोष्ट उलगडते. विक्रेता येण्यापूर्वीच प्रोग्राम चालू करून ठेवलेला असतो, तेच तीन नगांचे बिल पन्नासदा करून झालेले असते, आणि मग आपणाला बोलावितात. यात त्याचा वाईट हेतू असेलच असे नाही, त्यालाही कदाचित हे ठाऊक नसेल. परंतु हे माप आपल्या दुकानाचे नव्हे. उलट, पहिले एक बिल पाहून "हे मंद आहे" असा शेरा मारणाराही तितकाच चुकतो.

आणि गरम झाल्यावर प्रोग्राम नेहमी जलदच होतो, असेही धरून चालू नये. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लहान लहान प्रोग्राम हजारो वेळा चालवून पाहिले. काही प्रोग्राम चालता चालता मंदावले, काही शेवटपर्यंत एका गतीवर स्थिर झालेच नाहीत, आणि एकाच प्रोग्रामने एका खेपेस एक आणि दुसऱ्या खेपेस भलतेच वळण घेतले. २००७ मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले होते की, जावाची गती मोजणारे कोणी सर्वांत चांगली खेप सांगतात, कोणी सरासरी, कोणी दुसरी खेप, आणि त्यामुळे निष्कर्षच चुकू शकतो. त्यांचा सल्ला साधा होता. प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा पुन्हा सुरू करा, दर वेळी मोजा, आणि आकड्यांत किती फरक पडतो तेही सांगा. एकच तागा मोजून सगळ्या गाठीची खात्री देऊ नये, हीच ती गोष्ट.

दुसरे काम झाडलोटीचे. कापडाच्या दुकानात दर गिऱ्हाइकामागे कागद, सुतळी, टाचण्या आणि चिंध्या पडतात. बहुतेक कचरा लगेच टाकावयाचा असतो, थोडासा कटपीस म्हणून फळीवर जातो. प्रोग्रामही दर बिलामागे मेमरीत पुष्कळ तात्पुरते सामान पसरतो. जुन्या पद्धतीच्या भाषांत ते प्रोग्रामरने स्वतः आवरावे लागे. जावा आणि डॉट नेटमध्ये ते कारभारी आवरतो. ही युक्ती जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी काढली. इंग्रजीत तिचे नावच कचरा उचलणे असे आहे. काउंटरखालचा केर पटकन काढता येतो, त्याला पापणी लवण्याएवढा वेळ लागतो. परंतु मेमरी काठोकाठ भरली की सबंध दुकान झाडावे लागते, आणि त्या वेळी अनेकदा सगळे काम थांबवावे लागते. आमच्या तिन्ही काउंटरचे एकदम थिजणे ते हेच.

हे आम्हाला कसे कळले? भाच्याने दोन गोष्टी केल्या. कारभाऱ्याने केव्हा झाडले आणि किती वेळ थांबला याची नोंद, जिला जीसी लॉग म्हणतात, ती त्याने चालू केली. आणि गोदामात पाठविलेल्या त्या मुलाला परत बोलावून एक वही दिली. पडदा थिजला की भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ लिही, बाकी काही करू नको. शनिवारी व रविवारी मुलाने वही भरली. सोमवारी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तर मुलाने लिहिलेली प्रत्येक वेळ लॉगमधील मोठ्या झाडलोटीशी मिनिटाला जुळत होती. त्या मुलाचा एक शब्दही खोटा नव्हता.

राहिला प्रश्न, मेमरी भरते कशाने. भाच्याने त्याच वेळांना आणखी काय चालू होते ते पाहिले, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "मामू, या वेळी तुम्ही काय करीत होता?" आम्ही आमच्या खोलीत बसून आजची विक्री किती झाली याचा अहवाल उघडत होतो. गर्दी जेवढी जास्त, तेवढी आमची उत्सुकता जास्त, आणि तेवढ्या वेळा आम्ही ते बटण दाबीत होतो. तो अहवाल काढण्यासाठी प्रोग्राम वर्षभराची सगळी बिले मेमरीत ओढून आणीत होता. मेमरी अपुरी पडली की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेई, आणि मग झाडलोट सेकंदाची वीस सेकंदांची होई. प्रात्यक्षिकात हे दिसणे शक्यच नव्हते, कारण तेथे वर्षभराची बिलेच नव्हती. पहिल्या चार महिन्यांत ते फारसे जाणवले नाही, कारण बिले थोडी होती.

प्रोग्राम तसा लिहिणे ही विक्रेत्याची चूक होती. न मोजता माणसावर बोट ठेवणे ही आमची. आम्ही त्या मुलाची माफी मागितली, आणि ज्या माणसांसमोर त्याला बोललो होतो त्यांपैकी दुकानातील सर्वांना बोलावून मागितली. गिऱ्हाइके मात्र परत गोळा करता आली नाहीत.

काही बांधव म्हणतील, एवढी उठाठेव कशाला, मोठा संगणक घ्या. आम्हीही मेमरी वाढविली, परंतु संगणक डिस्कचा आधार घेतो आहे हे मोजून दिसल्यानंतर. न पाहता नुसती मेमरी वाढविली तर झाडलोट कमी वेळा होते खरी, पण जुन्या पद्धतीच्या कारभाऱ्यात ती होते तेव्हा जास्त लांबू शकते. नव्या जावात, २०२० पासून, अत्यंत कमी थांबणारी झेडजीसी नावाची पद्धत वापरास सिद्ध आहे. तीही फुकट नाही, तिला मेमरी जास्त लागते आणि एकूण कामाचा थोडा वेग तिच्या खर्ची पडू शकतो. म्हणजे येथेही सौदाच आहे, आणि आपल्याला काय हवे हे माहीत असल्याशिवाय सौदा करता येत नाही.

दुसरे काही म्हणतील, हे संगणकवाल्यांचे काम, त्यांची यंत्रे त्यांना सांगतील. यावर आमचे उत्तर असे की, यंत्राची साक्षही तपासून घ्यावी लागते. २०१० मध्ये संशोधकांनी जावाचा वेळ कोठे जातो हे सांगणारी चार प्रचलित साधने एकाच प्रोग्रामवर लावून पाहिली, तर पुष्कळदा चौघांची साक्ष एकमेकांशी जुळेना. कारण असे की, ती साधने वाटेल त्या क्षणी आत डोकावू शकत नव्हती, ठरावीक थांब्यांवरच पाहू शकत होती. ज्या मुकादमाला कांडी बदलताना थांबलेला लूमच तेवढा पाहावयास मिळतो, तो सांगणारच की कारखान्याचा सगळा वेळ कांडी बदलण्यात जातो. त्याची नजर खोटी नाही, पण त्याने पाहिले तेवढ्यावर निकाल देऊ नये.

आमच्या लूमवाल्या बांधवांना ही बाब सांगण्याची गरज नाही. लूम मिनिटाला किती पीक मारतो हे विकणारा सांगतो, पण मजुरी आणि नफा ठरतो तो पाळी संपल्यावर किती मीटर उतरले यावर. धागा तुटणे, कांडी संपणे, वीज जाणे हे सगळे त्या मीटरमध्ये आलेले असते. मग सॉफ्टवेअर घेतानाच आपण पीक ऐकून पैसे का देतो?

म्हणून आमची सूचना अशी. सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी ते आपल्या दुकानात, आपल्या संगणकावर, आपल्या सर्व काउंटरांवर एकदम चालवून पाहावे. त्यात निदान एका वर्षाची बिले भरून घ्यावीत. सकाळी बंद स्थितीतून सुरू करून पहिल्या बिलापासून मोजावे, आणि हे एक दिवस नव्हे, निदान पाच दिवस करावे. बिले एकसारखी नसावीत. रोख, उधार, परत-माल, शंभर ओळींचे घाऊक बिल, आणि मालकाने मधूनच काढलेला अहवाल, सगळे त्यात यावे. घड्याळ भिंतीवरचे असावे व लिहिणारा आपला माणूस असावा. प्रिंटरचा, इंटरनेटचा आणि प्रोग्रामचा वेळ वेगळा लिहावा, नाहीतर एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी जाते. करारात सरासरी न लिहिता, शंभरातील नव्व्याण्णव बिले किती सेकंदांत आणि सर्वांत लांब थांबा किती, हे दोन आकडे लिहून घ्यावेत. आणि रकमेचा एक हिस्सा मोठा हंगाम पार पडेपर्यंत राखून ठेवावा. एकट्या दुकानदाराचे विक्रेता ऐकणार नाही. पेठेतील संघटनेने या अटी एकत्र घातल्या तर त्याला ऐकाव्या लागतील.

आपल्यातील अनेकांची मुले आता हेच काम करतात, सॉफ्टवेअर लिहितात आणि विकतात. त्यांनाही आमचे सांगणे आहे की, गरम करून ठेवलेला प्रोग्राम दाखवून थंड दुकानात विकू नये, आणि सरासरीच्या आड वाईट वेळ झाकू नये.

आमच्या मधल्या काउंटरवर तोच मुलगा आजही बसतो. वही त्याच्या गल्ल्याखाली असते. गेल्या हंगामात तिच्यात तीन वेळा लिहिल्या गेल्या आणि त्यांतील दोन वेळा वीज गेली होती. तिसरीचा तपास चालू आहे. तोपर्यंत गर्दीच्या वेळी आम्ही ते बटण दाबीत नाही, दुकान बंद झाल्यावरच दिवसाची विक्री पाहतो.